सूचना : रविवारची बैठक, विषय कमला सोहोनी

नमस्कार मंडळी,

येत्या रविवारी संध्याकाळी ५.३० वाजता जुळे सोलापुरात, नेहमीच्याच सोसायटीच्या सभागृहात आपल्या गटाची बैठक आहे. विषय : जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनी (१९११–१९९८). दुर्गा भागवतांची बहीण एवढ्यावरच त्यांची ओळख संपवू नका.

१९३३ साली बंगळूरच्या विज्ञान संस्थेत बाई म्हणून सी. व्ही. रामन यांनी त्यांना प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत. मग घेतलं तेही अटींवर : पहिलं वर्ष नियमित विद्यार्थिनी धरणार नाही, काम पसंत पडलं तरच पुढचं. अट घालणारे नोबेलविजेते होते, हे विसरू नये. तिथे त्यांनी दूध आणि कडधान्यांतल्या प्रथिनांवर काम केलं. पुढे केंब्रिजला बटाट्यावर काम करताना वनस्पतींतही सायटोक्रोम सी (पेशींच्या श्वसनाला लागणारं प्रथिन) असतं हे दाखवलं आणि १९३९ मध्ये पीएचडी मिळवली. मुंबईत नीरेच्या पोषणमूल्यावरचं संशोधन राष्ट्रपती पारितोषिकापर्यंत गेलं.

• प्रत्येकाला बोलायला ७ मिनिटं. आठवं मिनिट मिळणार नाही.
• नीरेच्या भागाला अजून वक्ता नाही. तयारी असेल त्यांनी शुक्रवारपर्यंत नाव कळवावं.
• आठवी-नववीतल्या मुलींना जरूर आणा.
• खाण्याला मटकीची उसळ, कडक भाकरी, शेंगाचटणी. ताट-वाटी घरून आणावी. हौसेने नीरा कुणी आणू नये. या उन्हात संध्याकाळपर्यंत तिची ताडी होते.
• उशीर झाला तर मागच्या दाराने या.