सुहास, मॅकचा हप्ता सुरू करण्याआधी

मालवण

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार. हप्त्यावर मॅक घेतोयस हे वाचलं आणि लगेच लिहायला बसलो. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि तुझा कॉम्प्युटर विंडोज ११ च्या अटीत बसत नाही, एवढ्यावरून तो भंगारात काढू नकोस रे.

लग्नाच्या ऑर्डरी चालू ठेवणार असतास, तर मी विंडोजवरच राहा म्हटलं असतं. अल्बमच्या तयार पीएसडी, म्हणजे लेअर-लेअरच्या डिझाइन फाइल, फोटोशॉपवर बांधलेल्या, आणि विंडोजच्या जागी टाकता येतं त्या लिनक्ससाठी फोटोशॉप निघतच नाही. लिनक्सवर चालणाऱ्या गिंप या फोटो एडिटरमध्ये पीएसडी उघडते, पण सगळे लेअर जसेच्या तसे येतील याची खात्री नाही. पार्टी दारात बसलेली असताना हा घोळ कोण निस्तरणार?

पण तुला आता दशावतारच टिपायचाय. मग लिनक्स मिंट, म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार, टाक आणि फोटो सुधारायला डार्कटेबल घे. परवाच्या जत्रेतला राजपार्टचा, म्हणजे राजा झालेल्या नटाचा, एक फोटो आहे, अंधारात कॅमेऱ्याची संवेदनशीलता आयएसओ ६४०० पर्यंत वाढवून काढलेला. मुकुटाखालच्या सावलीत नुसते रंगीत ठिपके. डार्कटेबलच्या डीनॉइझमध्ये, म्हणजे असे ठिपके घालवायच्या सोयीत, कॅमेऱ्याच्या मॉडेलनुसार मोजलेलं प्रोफाइल असतं, ते लावलं. पहिल्या फटक्यात चेहरा मेणाचा झाला. जोर निम्म्यावर आणला तेव्हा ठिपके गेले आणि रंगावरून ओघळलेला घामाचा थेंब राहिला. त्या थेंबासाठी तर रात्रभर मांडवात उभा होतो! कॅमेऱ्यातून आलेल्या मूळ कच्च्या, म्हणजे रॉ फाइलला हात लागत नाही, केलेलं काम शेजारच्या छोट्या एक्सएमपी फाइलमध्ये राहतं. डार्कटेबल विंडोज आणि मॅकवरही चालतं, म्हणजे उद्या मॅक घेतलास तरी हे काम तुझ्याबरोबर येईल.

पैसे घालायचेच तर मॉनिटरचे रंग मोजून बरोबर करणाऱ्या कॅलिब्रेटरमध्ये घाल. माझा जुना मॉनिटर निळसर होता. मी फोटो उबदार करत गेलो आणि प्रिंट हातात आल्या त्या हळद लावल्यासारख्या पिवळ्या. वीस प्रिंट वाया गेल्या, फार वाईट वाटलं. फक्त घेण्याआधी तो लिनक्सवर चालतो का ते बघ.

मिंट पेनड्राइव्हवरून, काही न बसवताही चालवून बघता येतं. रविवारी देवगडला येतो, पेनड्राइव्ह माझ्याकडे आहे. तोवर सगळ्या रॉ फाइल बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून ठेव. काकींना नमस्कार.

तुझा,
नंदू