फाटलेल्या टेबलाबद्दल

कुडाळ, १४ मे

प्रिय बंड्या,

तू केलेल्या टेबलाचा टॉप चिरल्याचे फोटो पाहिले, आणि खालचं तुझं रडगाणंही वाचलं. ‘हत्यारं विकून टाकतो’ म्हणे! आधी ते टेबल उलटं कर आणि नीट बघ.

चीर गेलीय ती सांध्यात नाही, शेजारच्या सलग लाकडात. म्हणजे फळ्यांच्या कडा तू झकास रंधल्यास, फेव्हिकॉलही चांगला धरलाय. घोटाळा खाली आहे. दोन फूट रुंदीचा टॉप तू लोखंडी अँगलच्या सांगाड्यावर चारी बाजूंनी स्क्रू मारून आवळलास. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, हलतं ते रुंदीत, रेषांना आडवं. इथल्या श्रावणातल्या दमट फळ्या तू नागपूरला नेल्यास, तिथल्या वैशाखात त्या वाळल्या. साग या बाबतीत मोठा समंजस, तरी दोन फुटांत पाव इंच सहज आकसतो. लोखंड काही त्याच्याबरोबर आकसत नाही. मग ताण निघणार कुठून?

माझ्या आजोळचं माजघराचं दार आठवतं? त्यातली पॅनेलं चौकटीच्या खाचेत नुसती बसवलीत, ना डिंक ना खिळा. पावसात फुगून घट्ट होतात, उन्हाळ्यात खुळखुळतात. आपण ती वाजवत बसायचो आणि आजीच्या शिव्या खायचो. त्या सुताराने पट्टी लावून हिशेब केला असेल असं वाटत नाही. पण जागा सोडली होती.

आता चिरेत लांबी (पुट्टी) भरू नकोस, कोणी कितीही सांगो. पावसाळ्यात लाकूड फुगलं की ती लांबीच पाचर होऊन बसेल. सगळे स्क्रू काढ, टॉप आठ-दहा दिवस मोकळा ठेव (कूलरच्या तोंडाशी नको!). मग चिरेवरूनच सरळ करवत चालव, दोन्ही कडा रंधून पुन्हा चिकटव. रुंदी थोडी जाईल, जाऊ दे. अँगलमधली भोकं गोल कानशीने रुंदीच्या दिशेने लांबट कर, वॉशर घाल. मधले स्क्रू घट्ट, कडेचे सरकतील इतपतच. आणि पॉलिश खालूनही लाव. तू फक्त वरून लावलंयस, फोटोत दिसतंय. एका बाजूने ओल लवकर आणि दुसऱ्या बाजूने उशिरा शिरली की फळी वाकते.

अंगठ्याला पटाशी लागल्याचं वाचून मात्र रागच आला. बोथट पटाशीला जोर लावावा लागतो, म्हणून ती घसरते. तुकडा हातात धरून कोरायचा नाही, शिकंज्यात धरायचा, आणि दोन्ही हात धारेच्या मागे. यात तुझी ‘चालतंय रे’ वृत्ती नको.

जूनमध्ये येशील तेव्हा पटाश्या घेऊन ये, धार लावून देतो. फणसाची एक फळी वाळत ठेवलीय, तीही तुझीच. पण नेलीस की पुढचा उन्हाळा संपेपर्यंत तिला हात लावायचा नाही.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
अण्णा