गुडघाभर पाण्याचा किल्ला

उत्रेख्त, नेदरलँड्स
रविवार

तीर्थरूप बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

1780 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या कॅप्टन पॉपहॅमची माणसे रात्री शिड्या लावून ग्वाल्हेरचा किल्ला कशी चढली, हे लष्कर भागातल्या गच्चीवरून बोट दाखवत तुम्ही इतक्यांदा सांगितले आहे, की किल्ला म्हणजे उंच कडा आणि त्यात राखायची राहून गेलेली एक वाट, असेच माझ्या मनात बसले होते. काल सायकलवरून जी संरक्षक फळी पाहिली, तिला कडा नाही. आहे ते पाणी, आणि तेही गुडघाभर.

उत्तरेस मौडेनपासून दक्षिणेच्या दलदलीपर्यंत ही जलरेषा 85 किलोमीटर जाते. 1815 मध्ये तिचे काम सुरू झाले. शत्रू पूर्वेकडून येऊ लागला की कालव्यांची दारे उघडून सपाट कुरणे बुडवायची, पण बेताने: पाण्याखालचे चर न दिसल्याने पायदळ व तोफगाडे अडावेत, आणि होडी मात्र चालू नये, एवढेच पाणी. जिथे बांध, रस्ता किंवा नदी या पाण्यातून पार जाई, नेमके तिथेच किल्ले बांधले. म्हणजे तुमची ती वाट यांनी आधीच हेरून ठेवली होती. किल्ल्यांभोवती घर बांधायचे तर लाकडाचेच, असा 1853 चा कायदा होता, कारण वेळ आली की ते जाळून तोफांसमोरचे मैदान मोकळे करता यावे. मे 1940 मध्ये मात्र जर्मन विमाने पाण्यावरून सरळ पुढे गेली. 14 तारखेला रॉटरडॅमवर बॉम्ब पडले आणि दुसऱ्या दिवशी शरणागतीवर सही झाली.

वाटेत चौकाचौकांतल्या पाट्यांवर फक्त चौकांचे आकडे असतात. आपल्या वाटेवरचे आकडे कागदावर उतरवून घेतले की नकाशा लागत नाही. लेक नदी तराफ्यावरून सायकलसह ओलांडली. पुढे डीफडाइक या बांधावर वारा इतका समोरून होता, की उताराला लागूनही पायडल मारावे लागले, आणि या सायकलचा ब्रेक पायडल उलटे फिरवल्यावर लागत असल्यामुळे मी दोनदा मध्येच थांबलो, याबद्दल छोटीने हसू नये.

त्या बांधाखाली 1940 चा एक बंकर करवतीने मधोमध चिरून ठेवला आहे. चिरेतून वाट थेट पाण्यावर जाते. बॉम्बवर्षावात 13 सैनिकांनी बसायची ती खोली आपल्या माजघराहून लहान आहे, आणि भोवती सगळे काँक्रीट. फोटो दादाच्या फोनवर पाठवला आहे. चष्मा लावून पाहा: भिंतीची जाडी कळावी म्हणून मी चिरेवर हात आडवा धरला आहे, तो पुरलेला नाही.

आईस नमस्कार.

आपला,
सुहास