गाडी फाटकापर्यंतच कशाला?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पालकांनी मुलांना गाडीनं शाळेत सोडावं की नाही, यावरून गेले दोन रविवार आपल्या पत्रांच्या पानावर चांगलीच जुंपली आहे. एका आजोबांनी लिहिलं, ‘आम्ही चालतच जायचो, काही बिघडलं नाही.’ त्यावर एका आईनं विचारलं, ‘तेव्हा रस्त्यावर एवढ्या गाड्या होत्या का?’ दोघांचंही मला पटलं. मी मध्ये तोंड घालायला नको होतं, कारण माझं पोटच या प्रश्नावर चालतं. मी गेली 19 वर्षं मोटर ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवते.

शिकायला येणाऱ्या बायकांना पहिल्या दिवशी मी एकच गोष्ट विचारते : गाडी कशासाठी शिकायची आहे? बहुतेकींचं उत्तर ठरलेलं असतं, ‘मुलांना शाळेत सोडायला.’ हाफ क्लच जमायला लागला, तिसऱ्यातून दुसऱ्यात येताना गाडी आचके देईनाशी झाली की लगेच मागणी येते, ‘मॅडम, आज शाळेच्या रस्त्यानं जाऊ या ना!’ त्या रस्त्यावरचे जादा तास मी घेतलेले आहेत आणि त्याचे पैसेही घेतलेले आहेत. तेव्हा हे पत्र म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणं आहे, हे मला कळतं.

शिकवायच्या गाडीत माझ्या बाजूलाही एक ब्रेक असतो. शिकणाऱ्याचं चुकलं तर मी दाबते. घरच्या गाडीत तो नसतो, आणि चुकणारी मीच असले तर दाबणारं कुणी नसतं. मुलगी दुसरीत असताना हे मला नीट कळलं.

त्या सकाळी उशीर झाला होता. शाळेच्या फाटकासमोर रोजचंच चित्र : एक रांग रस्त्याच्या कडेला, तिच्या बाहेरून दुसरी रांग, चारही इंडिकेटर लुकलुकत ठेवून ‘एक मिनिटात आले’ म्हणणारे आईबाप. जणू ते दिवे लावले की आपण रस्ता अडवलेला नसतोच. मुलीला उतरवलं. पुढची गाडी हलेना, मागचा हॉर्न थांबेना. दोन हात मागे घेऊन बाहेर काढू म्हटलं. रिव्हर्स टाकला, दोन्ही आरसे पाहिले, मधला पाहिला. क्लच सोडणार तेवढ्यात वॉचमननं डिकीवर अशी थाप मारली की मी जागच्या जागी थिजले. गाडीच्या मागे, बंपरला जवळजवळ टेकून, एक मुलगा उकिडवा बसून बुटाची नाडी बांधत होता. मागच्या काचेच्या कितीतरी खाली.

तो मुलगा नाडी बांधून झाल्यावर उठला आणि पळत आत गेला. त्याला काही कळलंही नाही. मी मात्र पुढच्या कोपऱ्यावर गाडी लावून दहा मिनिटं स्टेअरिंग धरून बसले होते. रिव्हर्स घेताना आधी मान वळवा, शंका आली तर उतरून बघा, हे वाक्य मी हजारो वेळा शिकवलं आहे. त्या दिवशी मी मान वळवली नव्हती, कारण मागून हॉर्न वाजत होता. एवढंच कारण.

त्यानंतर मी मोजमाप केलं. आमचं घर शाळेपासून 1.4 किलोमीटर. गाडी काढणं, सिग्नल, फाटकासमोरची झटापट धरून 14 मिनिटं. मुलीबरोबर चालत 22. म्हणजे आठ मिनिटं वाचवायला मी रोज हा सगळा खेळ करत होते! आणि इंजिनाचं म्हणाल, तर सकाळी गार इंजिन सुरू केल्यावर धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर अडीचशे-तीनशे अंशांपर्यंत तापल्याशिवाय नीट काम करत नाही. इतक्या छोट्या फेरीत तो तापेतापेपर्यंत शाळा येते. वर सायलेन्सरचं तोंड कुठल्या उंचीवर असतं ते बघा, आणि दुसरीतल्या मुलाचं नाक कुठल्या.

दुसऱ्या आठवड्यापासून आम्ही चालायला लागलो. पहिल्याच दिवशी मी मुलीला म्हटलं, ‘आज तू पुढे, मी मागे. तूच ने मला शाळेत.’ पहिल्या वळणावर ती थांबली आणि विचारलं, ‘आई, आता कुठे?’ दीड वर्षं त्या वळणावरून आम्ही दिवसातून दोनदा जात होतो. तिला पुढच्या सीटच्या पाठीवरची शिवण कुठे उसवली आहे ते पाठ होतं, रस्ता नव्हता. मला आधी हसू आलं, मग चांगलंच लागलं. महिनाभरात तिला कुठल्या फाटकातला कुत्रा नुसताच भुंकतो, कुठला खरोखर अंगावर येतो, कुठल्या झाडाच्या मुळानं फरशी उचलली आहे, हे सगळं माहीत झालं. आता ती मला सांगते, ‘इथे सांभाळ.’

पण ‘चालत सोडा’ म्हणणाऱ्या आजोबांनाही एक सांगायचं आहे. लहान मुलाला रस्ता ओलांडता येतो हा मोठ्यांचा भ्रम आहे. मी मुलीबरोबर कडेला उभी राहून एक खेळ खेळायचे. लांबून गाडी दिसली की तिनं सांगायचं, ‘आता जायचं’ की ‘थांबायचं’. ती दर वेळी गाडी किती लांब आहे ते सांगायची. किती जोरात येते आहे ते तिच्या हिशेबातच नसायचं. लांब असली की ‘जायचं’. भरधाव मोटारसायकलला तर ती हमखास फसायची, कारण छोटी वस्तू जास्त लांब वाटते. हा तिचा दोष नाही. लंडन विद्यापीठाच्या रॉयल हॉलोवे कॉलेजातल्या संशोधकांनी तपासून पाहिलं आहे : समोरून येणारी वस्तू डोळ्यांत किती वेगानं मोठी होते आहे, हे ओळखण्याची शक्ती मोठं होईपर्यंत पुरती पक्व होत नाही. वेगानं येणारी गाडी मुलाला कधीकधी येताना जाणवतच नाही. म्हणून आठ वर्षांच्या पोराला ‘बघून जा रे’ एवढं सांगून भागत नाही. ते बघतं, पण त्याला आपल्यासारखं दिसत नाही.

मग बघायचं कुणी? गाडीवाल्यानं. शिकवताना मी हिशेब घालते : ताशी 50 च्या वेगात धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला, तरी गाडी 14 मीटर पुढे गेलेली असते. 30 च्या वेगात 8 मीटर. आणि 50 ला बसणारा दणका 30 पेक्षा जवळजवळ पावणेतीन पट, कारण जोर वेगाच्या वर्गानं वाढतो. ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरानं 1992 मध्येच मोठे रस्ते वगळून बाकी सगळ्या शहरात 30 ची मर्यादा घातली. आपण मात्र उशीर झाला म्हणून सगळ्यात जोरात गाडी हाणतो ती नेमकी शाळेच्या रस्त्यावर.

त्या आईंच्या पत्राकडे येते. त्यांचा मुद्दा असा की गाड्या वाढल्या, म्हणून आम्ही मुलांना गाडीत घालतो. माझ्या शिकाऊ बायकाही हेच म्हणतात, आणि त्यांची भीती खोटी नाही. इंग्लंडमध्ये 1971 साली सात-आठ वर्षांची 80 टक्के मुलं मोठ्यांशिवाय शाळेत जायची. 1990 पर्यंत ती 9 टक्के उरली. मेयर हिलमन या ब्रिटिश संशोधकानं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे मोजलं. सरकार तेव्हा म्हणत होतं की मुलांचे अपघात कमी झाले, म्हणजे रस्ते सुरक्षित झाले. हिलमन म्हणाले, नाही, मुलंच रस्त्यावरून उठवली गेली. हे वाचल्यावर मला आमच्या फाटकावरची रांग आठवली. प्रत्येक आई स्वतःच्या मुलाला गाडीत सुरक्षित बसवते आणि तीच गाडी दुसऱ्या आईच्या मुलाच्या अंगाशी नेऊन उभी करते. मी हेच केलं होतं, नाडी बांधणाऱ्या त्या मुलाबाबतीत.

नेदरलँड्समध्ये 1971 या एका वर्षात चारशेहून जास्त मुलं रस्त्यावर मेली. तिथले आईबाप मोठी गाडी घेऊन गप्प बसले नाहीत, रस्त्यावर उतरले. त्या चळवळीचं नावच होतं ‘स्टॉप दे किंडरमोर्ड’, बालहत्या थांबवा. आज तिथं सायकलवरून शाळेत जाणाऱ्या मुलांचं कौतुक आपण करतो, पण ते रस्ते आधीपासून तसे नव्हते, हे विसरतो.

आता मी काय म्हणते ते सरळ सांगते. गाडी नकोच, असं मी म्हणत नाही. कुणाचं घर सहा किलोमीटरवर असतं, कुणाच्या मुलाला चालता येत नाही, कुणाला नऊच्या आत कामावर पोचायचं असतं आणि कडेवर दुसरं तान्हं असतं. एकट्या मुलीला पाठवताना आईच्या पोटात गोळा येतो तो गाड्यांमुळेच येतो असंही नाही, हे मीही मुलीची आई म्हणून जाणते. सोडा ना गाडीनं! पण फाटकापर्यंत नको. तीनशे मीटर अलीकडे, जिथं रस्ता मोकळा आहे तिथं थांबा, मुलाला कडेच्या बाजूनं उतरवा आणि उरलेलं त्याच्याबरोबर चालत जा किंवा त्याला इतर मुलांबरोबर चालत जाऊ द्या. शाळेसमोर रिव्हर्स तर कुणीच घेऊ नये, अगदी 19 वर्षं गाडी शिकवणाऱ्या बाईनंसुद्धा. ज्या मुलाला खरंच दारापर्यंत न्यावं लागतं, त्याच्या गाडीला मग जागाही मिळेल. आज ती मिळत नाही, ती आपल्यामुळे.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की 5 ते 17 वर्षांच्या मुलांनी दिवसाला सरासरी निदान 60 मिनिटं अंग हलवावं. आमच्या जाण्यायेण्याची 44 होतात. (रमतगमत, दगड लाथाडत चाललेलं त्यात धरतात का, ही शंका मला आहे. असो.)

शाळांनाही एक विनंती. इटलीतल्या बोल्झानोमध्ये शाळा भरताना आणि सुटताना समोरचा रस्ता थोडा वेळ गाड्यांना बंद ठेवायची पद्धत निघाली, ती पुढे लंडनसारख्या शहरांनीही घेतली. याला खर्च तो काय, एक आडवा अडसर आणि तो लावणारा माणूस. आमच्या शाळेत मी हे बोलले तेव्हा ‘पालकांची गैरसोय होईल’ असं उत्तर मिळालं. सभेला आलेल्या पालकांनीही माना डोलावल्या. त्यात माझ्या दोन जुन्या विद्यार्थिनी होत्या, म्हणजे गैरसोय माझ्याच हातची म्हणायची.

आता शेवटच्या तासाला मी शिकाऊ बायकांना शाळेच्या रस्त्यानं नेतेच, पण अलीकडच्या कोपऱ्यावर गाडी लावायला लावते आणि दोघी चालत फाटकापर्यंत जातो. एकीनं वैतागून विचारलं, ‘मॅडम, चालायचंच होतं तर तुमच्याकडे पैसे कशाला भरले?’ मला पटकन उत्तर सुचलं नाही. माझं शिकवणं तिनं मनावर घेतलं की नाही कोण जाणे, पण परवा त्याच कोपऱ्यावर तिची गाडी उभी दिसली.

आमच्या आळीतली सात मुलं आता एकत्र चालत जातात. ऑस्ट्रेलियात याला ‘चालती बस’ म्हणतात. जपानमध्ये तर मोठी मुलं पुढे, लहानगी मध्ये, अशा टोळ्या रोज शाळेला निघतात. आमच्यात मात्र दोन मोठी माणसं बरोबर असतात, पाळीपाळीनं. उद्याची पाळी माझी आहे, सहा पन्नासला पहिल्या दारात उभं राहायचं आहे, म्हणून इथेच थांबते.

आपली,
एक मोटर ड्रायव्हिंग प्रशिक्षिका