टायर लहान केलेत, पाटे कमी केलेत, त्याबद्दल आभार

मिस्त्रीमामा,
स.न.वि.वि.

मोबाईलवर लांबलचक काही वाचायला तुम्हाला आवडत नाही, तेव्हा हे भाच्याकडून वाचून घ्या. चारचौघांसमोर लिहितेय ते मुद्दामच. जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन तिची कॅम्पर, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी, करणारी मंडळी हल्ली पुष्कळ भेटतात, आणि गाडी उचलून उंच करायची, टायर मोठे घालायचे हे खूळ त्यांच्यात फार आहे.

आमच्याकडे गाडी आली तीच तसली. आधीच्या मालकाने मागे जादा पाटे (गाडीचं ओझं पेलणाऱ्या स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्या) भरलेले आणि 215/75 आर 15 काढून 235/75 आर 15 टायर घातलेले. दिसायला रुबाबदार (मला अजूनही ते टायर दिसायला आवडतात, रागावू नका). पण आंबा घाटातल्या वळणांवर गाडी अशी कलायची की कपाटातली भांडी दारावर येऊन आदळायची, आणि लहानशा खड्ड्यातही मागून दणका बसायचा. एका गॅरेजवाल्याने शॉकअप बदलायला लावले, फरक शून्य. दुसरा म्हणाला, अजून एक पाटा टाका. तेवढ्यात कोल्हापूरच्या उद्यमनगरातला तुमचा पत्ता मिळाला.

तुम्ही आधी गाडीखाली गेलातच नाही. विचारलंत, "ताई, पाण्याची टाकी भरल्याली हाय का रिकामी?" रिकामी म्हटल्यावर, "मग भरा. गॅस ठेवा, अंथरूण-पांघरूण ठेवा, दोघं बसा आन् काट्यावर जाऊन या." नुसतं अख्ख्या गाडीचं वजन नको होतं तुम्हाला. आधी पुढची चाकं काट्यावर, मग मागची, मग फक्त डावी बाजू. काटेवाला वैतागला, पण चिठ्ठ्या दिल्या त्याने. पुढे 1,260 किलो, मागे 1,980, डावीकडे 1,540. म्हणजे उजवीकडे 1,700. शंभर लिटरची टाकी आणि बॅटऱ्या, सगळं उजव्या कोपऱ्यात, तेही मागच्या ॲक्सलच्या पलीकडे. तिथे ठेवलेलं ओझं मागच्या चाकांवर आपल्या वजनापेक्षा जास्त पडतं आणि पुढची चाकं तेवढी हलकी करतं, हे तुम्ही एका लांब पान्याच्या टोकावर नट ठेवून दाखवलंत.

मग टायरवरच्या 105 या आकड्यावर बोट ठेवलंत. "ह्यो काय शोभेला न्हाई." 105 म्हणजे एका टायरने जास्तीत जास्त 925 किलो उचलायचे. मागे आमची एकेरी चाकं, 1,980 चे निम्मे 990. टायर रुंद, उंच, महागाचा, पण जात जीपगाड्यांची; ओझ्याच्या गाडीची नव्हे. आणि एवढं करून उंची किती मिळाली? तुमच्या वहीतला तो हिशेब मी फोटो काढून ठेवलाय. जुन्या टायरचा व्यास साधारण 704 मिलिमीटर, मोठ्याचा 734. फरक 30 चा, पण ॲक्सल उचलला जाणार त्याच्या निम्मा, 15 मिलिमीटर. बोटाच्या रुंदीएवढ्या उंचीसाठी पिकअप गेला, वळताना पुढचा टायर आतल्या पत्र्याला घासायला लागला, आणि स्पीडोमीटरचा काटा 60 दाखवत असताना गाडी साडेबासष्टच्या पुढे पळत होती. नक्षी शाबूत असली तरी बगलेच्या रबरावर तुम्ही नख फिरवलंत तर बारीक भेगा उघडल्या. कॅम्परचे टायर झिजून नाही, उभ्या उभ्या म्हातारे होऊन जातात, म्हणून टायरवरचे शेवटचे चार आकडे, आठवडा आणि साल, आता आम्ही आधी बघतो.

सगळ्यात मोठे आभार मात्र ब्रेकसाठी. मागच्या ॲक्सलपासून बॉडीखालच्या व्हॉल्व्हला जोडलेली ती बारकी दांडी कुणीच आम्हाला दाखवली नव्हती. गाडीत माल भरला की बॉडी खाली बसते, दांडी हलते आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब मिळतो. गाडी रिकामी असली की दाब कमी, म्हणजे मागची चाकं जाम होऊन घसरू नयेत. जादा पाट्यांनी बॉडी वर धरून ठेवलेली, त्यामुळे भरलेली गाडीही त्या व्हॉल्व्हच्या लेखी रिकामीच! घाट उतरताना सगळा ताण पुढच्या ब्रेकवर. तो करपट वास आम्ही कितीदा घेतला आणि लायनर खराब लागले म्हणून सोडून दिलं.

जादा पाटे काढल्यावर मेन पाट्याला सेंटर बोल्टजवळ चीर निघाली. तो नवा घातलात, बाकीच्यांना पुन्हा कमान दिलीत, पाट्यांच्या टोकांतले रबरी बुश बदललेत. पाटे ॲक्सलला आवळून धरणारे जुने यू-बोल्ट चांगले दिसत होते, वापरा म्हटलं, तर तुम्ही ते सरळ भंगाराच्या डब्यात टाकलेत. एकदा ताणलेला बोल्ट परत तशी पकड धरत नाही म्हणून. आणि बुशाचे नट शेवटचे आवळलेत ते चाकं जमिनीवर टेकल्यावरच, नाहीतर रबर पिळलेलं राहून लवकर फाटतं. टायर मूळ मापाचे, ओझ्याच्या जातीचे. आरसीवर आणि कंपनीच्या मापात गाडी बसली, ही आणखी एक कटकट मिटली. कंपनीच्या मूळ मापाबाहेर गाडीत बदल नको म्हणणाऱ्या 2019 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर विमावाल्यांशी त्यावर हुज्जत घालायची कुणाला हौस?

टाकी आम्ही सुताराकडून ॲक्सलच्या पुढे, डावीकडे घेतली. पुन्हा काट्यावर गेलो तर दोन्ही बाजूंत चाळीस किलोंचाही फरक नाही. गाडी काही मोटारीसारखी मऊ झालेली नाही, पाट्यांची गाडी ती पाट्यांचीच. पण परवा आंबा घाट उतरलो तेव्हा कपाटाची दारं उघडली नाहीत आणि वासही आला नाही.

"गाडी उचलून काय हिमालयात न्यायाचीय व्हय?" असं तुम्ही ह्यांना विचारलंत तेव्हा ह्यांचा चेहरा पडला होता. आणखी एक पाटा विकून तुम्ही सहज मोकळे झाला असतात. त्याऐवजी काढलेल्या पाट्यांचे भंगाराच्या भावाने पैसे धरून बिलातून वजा केलेत, हे मी ह्यांच्या सगळ्या मित्रांना सांगून झालंय.

पाचशे किलोमीटर झाले की यू-बोल्ट परत आवळायला या म्हणाला होतात. झालेत. सोमवारी दुकान बंद असतं, म्हणून मंगळवारी सकाळी येतो. टाकी भरूनच आणू.

आपली,
पांढऱ्या ट्रॅव्हलरवाली ताई