पोरं अमेरिकेत असलेल्या पालकांसाठी सूचना

राम राम मंडळी. अमेरिकेच्या व्हिसा अर्जात २०१९ पासून मागच्या पाच वर्षांतली सोशल मीडियाची खाती लिहून द्यावी लागतात. जून २०२५ पासून तर विद्यार्थ्यांना ती सगळ्यांना दिसतील अशी उघडी ठेवायला सांगतात. म्हणून कापसाच्या भावावर पोरानं घरच्या ग्रुपवर तावातावानं बोललेलं त्याला न विचारता फेसबुकवर चढवू नका; टॅग तर मुळीच नको. व्हिसाच्या पानाचे फोटोही इथं टाकू नका (पेढ्यांचे चालतील). खाती लपवा म्हणणाऱ्या एजंटाच्या नादी लागू नका, खोटं उघडं पडलं तर व्हिसा कायमचा अडकू शकतो. पोरांना गप्प बसा म्हणून दटावूही नका, बोलायचं की नाही ते त्यांचं त्यांना ठरवू द्या. आधी चढवलेल्या जुन्या पोस्ट ठेवायच्या की काढायच्या, ते आज रात्रीच्या फोनवर पोरांना विचारून घ्या.