पडदे रंगवणाऱ्या काकांना, धुण्याच्या खोलीतून

काका,
सा. न. वि. वि.

तुम्ही मोबाईलवर काही वाचत नाही, तेव्हा हे नातीकडून वाचून घ्या. घरी येऊन दोन शब्द बोलले असते, पण वाड्यावर जो तो विचारतो, "तुमच्या धुण्याच्या खोलीचा तो रंग कुठल्या कंपनीचा?" कंपनीचा नव्हे हो, काकांचा. म्हटलं, एकदा सगळ्यांसमोरच सांगून टाकावं.

आमच्या मागच्या पडवीला लागून लाकडं-शेणी ठेवायची खोली होती. आठ बाय सहा फूट, चिऱ्यांच्या (जांभ्या दगडाच्या) भिंती, एकच खिडकी आणि तीही फणसाच्या सावलीत. तिथे मशीन बसवायचं ठरवलं तेव्हा तुम्हाला विचारायचं सुचलं नाही. डोक्यात मासिकातली दुधासारखी पांढरी खोली होती. मे महिन्यात चकचकीत ऑइलपेंट मारून मोकळी झाले. जुलैत भिंतीला तळहाताएवढे फोड आले. टोचला तर आतून पाणी. चवथीपर्यंत पापुद्रे निघाले आणि खाली पांढरी भुकटी दिसू लागली. तुम्ही आरतीला आलात, मागे हात धुवायला गेलात, ती भुकटी बोटावर घेऊन सरळ जिभेला लावलीत. मी ओरडलेच. तुम्ही शांतपणे म्हणालात, "खारट. लोणा आहे." म्हणजे ओलीबरोबर भिंतीतून वर आलेला क्षार.

मग मला बाहेर नेऊन पागोळ्या दाखवल्यात. छपराचं सगळं पाणी भिंतीच्या पायथ्याशी आपटत होतं. वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, आणि चिरा म्हणजे स्पंज. प्यालेलं पाणी त्याला हवेत सोडायचं असतं. मी वरून ऑइलपेंटचा रेनकोट चढवून त्याचा श्वासच कोंडला होता. दुकानदाराने मला आणखी महागाचा वॉटरप्रूफ रंग सुचवला होता. तुमचं उत्तर एका ओळीचं: "पयलीं भिंत सुकूं दी, मागीर रंग पळोवया." आधी भिंत सुकू दे, मग रंगाचं बघू.

पन्हळ लावली, सगळा रंग खरवडला आणि भिंती तशाच उघड्या ठेवल्या. दिवाळी गेली तरी तुम्ही येऊन नुसता हात लावून परत जायचात. खरं सांगते, त्या दिवसांत मी तुमच्यावर वैतागले होते.

रंगाचा दिवस मात्र विसरणार नाही. गाळलेला चुना, काव म्हणजे तांबडी माती, पिवळी माती, आणि नाटकाचे पडदे रंगवून दांडा काळा पडलेला तो तुमचा ब्रश. मी विचारलं, पडद्याच्या रंगात घालता तसा चिकटवायचा सरस नाही का घालायचा? म्हणालात, इथल्या दमट हवेत सरसाला बुरशी धरते. भिंतीवर पाच पट्टे ओढलेत. ओले असताना पाचही चॉकलेटसारखे दिसत होते आणि मी लगेच दुसऱ्यावर बोट ठेवलं. दुसऱ्या दिवशी तोच पट्टा वाळून फिकट बिस्किटासारखा झालेला! ज्याला मी काळाकुट्ट म्हणून नाक मुरडलं होतं, तो चौथा पट्टा वाळल्यावर भाजलेल्या नाचणीच्या रंगावर आला. हाच.

तरी तुम्ही हो म्हणेनात. संध्याकाळी ट्यूबलाइट लावली तर नाचणीचं शेण झालं. मग तुम्ही पिशवीतून पिवळसर बल्ब काढलात, ३००० केल्विनचा (हा आकडा जितका कमी तितका उजेड पिवळा), आणि भिंत पुन्हा उबदार झाली. तेव्हा जे बोललात ते तुमच्या चाळीस वर्षांच्या उत्सवी नाटकांतून आलेलं होतं. रंगमंचावर लाल, निळा, पिवळा, हवा तो प्रकाश पाडता येतो, तपकिरी पाडता येत नाही. तपकिरी म्हणजे काळोखात उभा केलेला नारिंगी. शेजारी काहीतरी उजळ असेल तरच तो तपकिरी दिसतो. म्हणून छत पांढरं ठेवायला लावलंत. आणि कपडे घडी करायच्या कट्ट्यावर वेगळा ४००० केल्विनचा दिवा, कारण पिवळ्या उजेडात हळदीचा डाग लपतो. मी इतकी वर्षं पहिल्या रांगेत बसून नाटकं पाहिली, यातलं एक अक्षर माहीत नव्हतं.

चुन्याचा रंग कपड्यांना लागतो, म्हणून मशीनच्या आणि कट्ट्याच्या मागे चार फुटांपर्यंत मातकट टाइल लावल्या. जमिनीला नहाणी ट्रॅपकडे उतार, उंचावर एक्झॉस्ट फॅन. हे गवंड्याने नीट केलं, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

मशीनबद्दल आहे. पहिल्याच धुण्याला ते पिळताना असं नाचलं की खोलीच्या मध्यावर येऊन उभं राहिलं. मी देवाचं नाव घेतलं, ह्यांनी दुकानदाराला फोन लावला. तुम्ही मागे वाकून पाहिलंत आणि विचारलंत, "हे चार बोल्ट कशाला?" प्रवासात ड्रम हलू नये म्हणून घातलेले बोल्ट आम्ही काढलेच नव्हते. "नेपथ्य टेम्पोतून नेताना आम्हीही दोऱ्या बांधतो, पण प्रयोगाआधी सोडतो," असं म्हणून तुम्ही इतके हसलात की ह्यांना चहा ठेवायला आत पळावं लागलं.

आणि त्या कप्प्या! जुन्या रंगमंचाच्या पडद्याच्या लाकडी कप्प्या माळ्यावरून काढून, तेल घालून आणून दिल्यात. बांबूची दांडी त्यांवर टांगली. धुणं पसरलं की दोरी ओढायची, सगळं छताशी जातं आणि खाली वावरायला जागा मोकळी. गेल्या पावसाळ्यात जाड जीन्ससुद्धा पंख्याखाली दीड दिवसात वाळली, आणि कुबट वास नाही. धाकटा आता दोरी ओढण्याआधी तोंडाने तिसरी घंटा वाजवतो. फुटबॉल खेळून येतो तो लाल चिखलाने माखून, ओले हात भिंतीला पुसतो, आणि भिंत तेही पोटात घालते.

एक तक्रार आहे. दरवाजा इतका गडद नको होता. रात्री तो उघडा आहे की बंद हे कळत नाही, दोनदा कपाळ आपटलंय. आणि खिडकीखालच्या कोपऱ्यात ताटाएवढा लोणा परत आलाय. चाखलेला नाही. येऊन बघून जा.

पैशांचं पाकीट तुम्ही परत केलंत, तेव्हा माझं म्हणणं ऐका. यंदाचं उत्सवातलं नाटक झालं की सगळे अंगरखे, शेले, उपरणी गाठोडं बांधून थेट इकडे आणा. दरवर्षी ते तुमच्या ओसरीवर दोन-दोन आठवडे ओलसर पडलेले मी पाहते. जरीचे वेगळे ठेवा, ते मी हाताने धुवीन. येताना ब्रशही घेऊन या.

तुमची,
मागच्या वाड्यावरची सून
फोंडा